पाठमोरी खुर्ची

आमच्या घरात सिनेमाचे पुरस्कार जाहीर झाले की त्यावर लगेच बोलायला बंदी होती. बाबा म्हणत, लोणचं मुरल्याशिवाय बरणी उघडू नये. त्यामुळे शेजारपाजारी सगळे त्या वर्षीच्या नायक-नायिकांवरून भांडत असताना आम्ही गप्प असायचो, आणि लोक ज्यांची नावंही विसरून गेले असतील अशा जुन्या मानकऱ्यांवर आमच्या क्वार्टरमध्ये रविवारी दुपारी खटला उभा राहायचा. बाबांनी त्याला फेरनिवाडा असं नाव दिलं होतं. ते जयपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. त्यांच्या सदऱ्याला कायम सुतळीचा आणि ओल्या टोपल्यांचा वास असे. दिवसभर कुणाच्या तरी पेट्या कुणाकडे तरी रवाना करणारा हा माणूस आठवड्यातून एकदा मुंबईच्या मोठमोठ्या परीक्षकांचे निकाल फिरवायचा. बाहेर त्यांचा आवाज कधी चढला नाही. फेरनिवाड्यात मात्र चढायचा.

जेवण आटोपलेलं असायचं. आई भुसावळची. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत हे तिचं रविवारचं ठरलेलं. वांगी भाजल्याचा धूर घरात संध्याकाळपर्यंत रेंगाळायचा. मागे यार्डात शंटिंग चालू असे. डबे एकमेकांवर आदळले की भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणायचे, आणि बाबा तेवढ्यापुरते बोलायचे थांबायचे. उन्हाळ्यात खस, म्हणजे वाळा, लावलेल्या ताटीवर पाणी मारायचं काम दादाकडे होतं. दादा म्हणजे श्रीकांत, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. शेजारच्या क्वार्टरमधले शर्माजी बनियनवरच यायचे, हातात स्वतःचा लोटा घेऊन, आणि दारातूनच विचारायचे, "हां जी, आज किसकी फाँसी है?" आई पदराआड हसायची. आम्ही घरात मराठी बोलायचो खरं, पण फेरनिवाड्याची भाषा शर्माजींमुळे अर्धी हिंदी झाली होती. आजही एखाद्या नटाबद्दल मनात मत बनतं ते मला त्याच मिश्र भाषेत ऐकू येतं.

फेरनिवाड्याला एकच पक्का नियम होता. न पाहिलेल्या कामावर बोलायचं नाही. हा नियम शर्माजींमुळेच करावा लागला. शर्माजी सिनेमाला क्वचित जायचे, पण रेडिओवर गाणी आणि संवाद ऐकून ते कुणालाही बक्षीस देऊन टाकत. एकदा ते एका म्हाताऱ्या नटाच्या बाजूनं फारच हिरीरीनं भांडले आणि शेवटी कळलं की त्यांनी तो सिनेमा पाहिलेलाच नाही. "आवाज तो सुनी है ना, भाईसाहब!" ते म्हणाले. बाबा म्हणाले, "शर्माजी, सुनने से काम समझ में नहीं आता. काम देखना पड़ता है." तेव्हापासून तो घराचा कायदा झाला. कुणी बोलायला तोंड उघडलं की बाबा आधी विचारायचे, पाहिलंय का? नाही म्हटलं की विषय संपला.

बाबांची पारखही ठरलेली होती. ओरडायला आणि रडायला कुणालाही येतं, ते म्हणत, थांबायला येतं का बघा. एका नटीला एका वर्षी पुरस्कार मिळाला होता तो कोर्टात आक्रोश करण्याबद्दल. बाबांनी तो काढून घेतला आणि त्याच वर्षी आलेल्या एका परिचारिकेच्या छोट्याशा भूमिकेला दिला. का, तर तिला कुणीतरी विचारतं, पेशंट कसा आहे, आणि ती उत्तर देण्याआधी हातातला टॉवेल घडी करून ठेवते. "ती टॉवेलची घडी घालते तेव्हा आपल्याला कळलेलं असतं की तो गेलाय," बाबा सांगायचे. शर्माजी म्हणायचे, "मतलब कपड़े तह करने का इनाम?" दादा खो-खो हसायचा. पण मग एकटा असला की आरशासमोर तोच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करायचा, हे मी पाहिलंय.

आणखी एका गोष्टीचा बाबांना तिटकारा होता, तो म्हणजे नकलेचा. दादाला नक्कल सुरेख यायची. शर्माजींचं लोटा घेऊन येणं, आईचं दूधवाल्याशी भांडणं, पार्सल ऑफिसातल्या हमालाचं विडी विझवून कानावर ठेवणं, सगळं तो हुबेहूब करायचा. सगळे हसत. बाबा वर्तमानपत्र चाळत म्हणायचे, "नक्कल माकडालाही येते. नक्कल म्हणजे काम नव्हे." दादाचा चेहरा पडायचा. तो पुन्हा ताटीवर पाणी मारायला जायचा.

जयपुरात तेव्हा मराठी घरं मोजकीच होती. रेल्वेतले आम्ही, काही कॉलेजातले, काही इस्पितळातले. वर्षभर एकमेकांची तोंडंही न बघणारी ही मंडळी गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये एकत्र यायची. आरतीनंतर गाणी, नाटुकली, आणि एका संध्याकाळी एकपात्रीची स्पर्धा. स्पर्धेला परीक्षक हवेत आणि ते मराठी समजणारे हवेत, म्हणजे आमच्यातलेच हवेत, आणि स्पर्धक तर आमचीच मुलं. त्यावर मंडळानं आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. परीक्षकाचं स्वतःचं मूल रंगमंचावर आलं की त्या परीक्षकानं उठून आपली खुर्ची फिरवायची आणि रंगमंचाकडे पाठ करून बसायचं. त्या मुलापुरता निकाल उरलेल्यांनी द्यायचा. बाहेर जाऊन उभं राहिलं तरी चाललं असतं, पण मग कुणी खिडकीतून पाहिलं, कुणी पडद्याआडून, असे वाद व्हायचे. खुर्ची फिरवली की ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायची. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर खोटं वाटतं. आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नसे.

बाबा सिनेमावर एवढे बोलतात हे सर्वांना ठाऊक होतं, म्हणून त्या वर्षी त्यांना परीक्षक केलं. दादा तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्यानं एकपात्रीत नाव दिलं होतं. त्याला पुण्याला जाऊन नाटक शिकायचं होतं. बाबांना हे त्यानं सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. "सुमे, बाबांनी एकदा म्हटलं ना, की हे काम आहे, की मग मी विचारीन." मी म्हटलं, "पण ते तर खुर्ची फिरवणार." तो म्हणाला, "बघशील तू. माझ्या वेळी त्यांना राहवणार नाही. ते मान वळवतील."

मान वळवण्याची प्रथाही होती, हे इथं सांगायला हवं. तीन परीक्षकांपैकी दुसरे होते इस्पितळातले डॉक्टर गोडबोले. त्यांची अंजली रंगमंचावर आली तेव्हा त्यांनी मोठ्या थाटात खुर्ची फिरवली आणि थोड्याच वेळात मान अशी काही मुरडली की मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, मानेचा एक्स-रे काढावा लागेल हं!" सगळा हॉल हसला. डॉक्टरही हसले, सरळ झाले, आणि पुन्हा वळले. कुणी मनावर घेतलं नाही. बापच तो. अंजलीनं एका नव्या नवरीचं काम केलं होतं. तिनं ते चांगलं केलं, हे मला आजही म्हणावं लागतं.

मग दादाचं नाव पुकारलं. बाबा उठले. त्यांनी खुर्ची उचलून फिरवली, ओढली नाही, पाय वाजू नयेत म्हणून. आणि आमच्याकडे तोंड करून बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. आई आणि मी दुसऱ्या रांगेत होतो, त्यामुळे ते जवळजवळ आमच्याच समोर आले. त्यांच्या डोक्यामागे, वर, दादा उभा होता.

दादानं म्हातारा केला होता. प्लॅटफॉर्मवर मुलाची वाट बघत बसलेला बाप. मुलगा पहिल्यांदाच नोकरीच्या गावाहून येणार आहे आणि गाडीला उशीर झाला आहे. म्हातारा शेजारच्या बाकावरच्या कुणाशी तरी बोलतो, मुलाच्या लहानपणाच्या तक्रारी सांगतो. आमच्या एकपात्रींत कुणीही रडणारं, भजी खाणारं, गाडीची वाट बघणारं चालायचं, त्यामुळे आधी मला विशेष काही वाटलं नाही. मग म्हाताऱ्यानं बोलण्याआधी घसा खाकरला. वाक्य सुरू करण्याआधी उजव्या हाताची तर्जनी उचलून तशीच हवेत ठेवली. आईनं माझं मनगट धरलं. ते बाबा होते. नक्कल नव्हती. नकलेत माणूस दिसतो आणि करणाराही दिसतो. इथं करणारा दिसत नव्हता. दादानं बाबांना इतकं पाहिलं कधी, असा प्रश्न मला पडला, कारण घरात तर दोघं एकमेकांकडे बघायचेही नाहीत.

आणि मग ते झालं. रंगमंचावर म्हाताऱ्यानं चष्मा काढला, सदऱ्याचं टोक ओढलं आणि काचा पुसू लागला, आधी डावी, मग उजवी, मग उजेडाकडे धरून. त्याच वेळी खाली बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याचं टोक ओढलं. आधी डावी काच, मग उजवी. मग त्यांनी तो हॉलच्या दिव्याकडे धरला. त्यांना मागचं काहीच ठाऊक नव्हतं. हॉल हसला. एकदम, मोठ्यानं. बाबा दचकले. त्यांनी चष्मा घाईनं चढवला आणि ज्या नजरेनं आमच्याकडे पाहिलं ती मला कधी विसरता आली नाही. ते हसू आपल्या मुलाचं काम फसल्याचं आहे, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी आईकडे पाहिलं, आणि मग ते आईकडेच बघत राहिले. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हळूहळू हसू विरलं. वर दादा थांबला होता. बराच वेळ थांबला. एखादा पेला किणकिणावा एवढीही हालचाल हॉलमध्ये नव्हती. मग त्यानं पुढचं वाक्य घेतलं आणि एकपात्री संपवलं.

बक्षीस अंजलीला मिळालं. उरलेल्या दोघांनी ते दिलं. त्यांतले एक डॉक्टर, पण त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नाही. प्रसादाची खिरापत हातात घेऊन आम्ही सायकलरिक्षातून घरी आलो. घरी आईनं गरम भात लावला. दादानं ताटावर बसल्यावर विचारलं, "कसं झालं, बाबा?"

"मी पाहिलं नाही," बाबा म्हणाले.

"ऐकलं तर असेल."

"ऐकून काम कळत नाही."

आईनं वाढता वाढता पळी पातेल्यात आपटली. "अहो, तो काय शर्माजी आहे का? मुलगा विचारतोय."

"मग करू दे ना परत," बाबा भात कालवत म्हणाले. "आत्ता कर. बघतो मी."

दादा हसला. ते हसू त्याला शोभत नव्हतं. "सगळ्या मुंबईचे निकाल फिरवता बाबा तुम्ही. आपल्या मंडळाचा एक फिरवून दाखवा."

"दुसऱ्यांचे फिरवता येतात. स्वतः जिथं खुर्चीवर बसलो तिथला नाही."

"तुम्ही खुर्चीवर कुठं होतात?" दादा म्हणाला. "तुम्ही तर पाठ करून बसला होतात."

तो ताटावरून उठला. आईनं त्याला परत बोलावलं नाही. त्या रात्री तिनं मला स्वयंपाकघरात घेऊन दटावलं, दादानं कुणाला केलं होतं ते बाबांना सांगायचं नाही. "म्हणतील, चारचौघांत पोरानं बापाची नक्कल केली. आधीच नकलेचा राग." दादानंही मला तेच बजावलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. "सांगून काय उपयोग? पाहून ओळखायला हवं होतं." मंडळातली माणसंही सभ्यपणानं गप्प राहिली. अशा रीतीनं ज्या एका माणसासाठी ते काम केलं होतं, त्या एका माणसाला ते काय होतं हे कधीच कळलं नाही.

पुण्याला जाण्याचं दादानं काढलंच नाही. मुरलीपुऱ्यातल्या एका कारखान्यात लागला, मग बस्सीला गेला. तिथंच घर केलं. सणाला यायचा, बाबांच्या पाया पडायचा, गुडघेदुखीची चौकशी करायचा. फेरनिवाडा त्यानंतरही काही काळ चालला, पण दादा त्यात बसला नाही. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचा. बाबा कुणाचा तरी जुना पुरस्कार काढून कुणाला तरी देत, आणि देताना नजर दाराकडे असे. पुढे शर्माजी रिटायर होऊन अलवरला गेले आणि निकाल ऐकायला घरात कुणी उरलं नाही. मी तेव्हा ग्रंथालयशास्त्र शिकत होते. माझं मत बाबा धरायचे नाहीत, कारण मला सगळीच कामं आवडत.

दादा पन्नाशी ओलांडल्यावर गेला. किडन्या. बाबा ऐंशीला टेकले होते. मुलानं बापाचं जे करायचं ते सारं त्यांनी मुलाचं केलं, न रडता, काठीवर एक हात ठेवून. तेराव्याला दुर्गापुऱ्यात माझ्याकडे जेवणं झाली. माणसं पांगल्यावर बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. माझ्या मुलानं सवयीनं टीव्ही लावला, आणि कुठल्यातरी पुरस्कारांचा कार्यक्रम सुरू होता. मी बंद करायला गेले तर बाबा म्हणाले, "राहू दे." एक नट पुतळा हातात घेऊन रडत होता. बाबा त्याच्याकडे बघत म्हणाले, "याला रडण्याबद्दल दिलंय. थांबायला येत नाही याला."

त्यांनी घसा खाकरला. तर्जनी उचलली.

"श्री थांबला होता," ते म्हणाले. "लोक हसले ना, तेव्हा मला वाटलं, गेलं सगळं. मग तुझ्या आईचं तोंड पाहिलं. अन् मग तो थांबला. सुमे, मी आयुष्यभर पुष्कळ कामं पाहिली. तसं थांबणं कुणाला जमलं नाही. ज्यांना मिळालं त्यांना नाही, ज्यांना मी दिलं त्यांनाही नाही."

"मग सांगितलं का नाहीत, बाबा?"

"मी पाहिलं नव्हतं ना." त्यांनी हे असं सांगितलं, जणू यात न समजण्यासारखं काही नाही. मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. आधी डावी काच. "पण तुझ्या आईच्या तोंडावर सगळं दिसत होतं. एवढं मी बोलू शकतो. तिचं तोंड मी पाहिलंय."

आई आत भांडी पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी गेले तेव्हा ती ताटाकडे बघत होती, ते कधीच कोरडं झालं होतं.

"मी त्याला बघतच नव्हते गं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "चष्म्यापासून पुढं मी यांनाच बघत होते. किती एकटे दिसत होते खुर्चीवर. तेच बघून रडू आलं मला." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "यांना सांगू नकोस. म्हाताऱ्याला आता तेवढंच आहे."

मी सांगितलं नाही. बाबा दोन-तीन वर्षांनी गेले, आई त्यानंतर. सांगायचं राहिलेलं कुणाला सांगायला आता कुणी नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझ्या मुलाला मराठी वाचता येतं, पण रेंगाळत, बोट ठेवून. तो इथवर येईल की नाही कोण जाणे.

फेब्रुवारीत पुन्हा सोहळे सुरू होतात. मी टीव्ही लावते आणि आवाज बंद करते. कुणाला मिळालं ते मला कळत नाही, आणि नको असतं. मी थांबणारा शोधत असते. मग कधी कधी मनातल्या मनात फेरनिवाडा मांडते, एकटीच, आणि दादाचं प्रकरण काढते. बाबांनी ते पाहिलं नाही. आईनं पाहिलं नाही. त्याला बक्षीस न देणाऱ्या दोघांनी पाहिलं असेल, पण हसू फुटलं तेव्हा तेही बाबांकडे वळले होते, हे मला आठवतं. रंगमंचावरून दादाला आम्ही सगळे दिसत असणार. सगळा हॉल आपल्याकडे न बघता खाली एका पाठमोऱ्या माणसाकडे बघतो आहे, आणि त्या माणसाचा उजवा कोपर, काच पुसताना हलावा तसा, हलतो आहे. तो थांबला तो तेव्हा. ते काम होतं, की त्याला पुढचं काही सुचलंच नाही, हे त्यालाच ठाऊक. बाबांच्या पारखीत त्यानं फरक पडला असता का, हे विचारायला बाबा नाहीत.

उरले मी. मला विचारलं जाईल, पाहिलंय का? आणि मला खरं सांगावं लागेल. मीही तेव्हा बाबांनाच बघत होते.